पुस्तक हाती देणारा माणूस



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे अनुकरण पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी झाले. या मंचावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. कारखान्याच्या दारात उभे राहून, पाळी सुटण्याच्या दहा मिनिटांत जेवढे सांगता येईल तेवढे सांगायचे, हीच आमची शाळा आणि हेच आमचे विद्यापीठ. चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा असावी की आम्ही बोनसवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलू. आम्ही सांगितले, आम्हाला ग्रंथालयावर बोलायचे आहे. त्यातही ग्रंथालयाच्या इमारतीवर नाही, की दुर्मीळ पोथ्यांवर नाही. देवघेवीच्या टेबलामागे बसलेला माणूस समोरच्या वाचकाला म्हणतो, "हे घेऊन जा, मी वाचलंय, तुम्हाला आवडेल". या एवढ्याशा कृतीवर आम्हाला बोलायचे आहे.

ही कृती लहान दिसते. परंतु आमचे म्हणणे असे की ग्रंथालय जिवंत आहे की मेलेले आहे हे तिच्यावरून ओळखावे. नाडी मनगटात लहानशीच असते, पण वैद्य तीच धरतो.

आता, वाचकाला पुस्तक सुचवणे हे ग्रंथालयाचे काम आहे, असे प्रथम ठासून सांगितले कुणी? अमेरिकेत वूस्टर नावाचे एक कारखानदारीचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली फिलाडेल्फियाच्या ग्रंथपाल परिषदेत एक निबंध वाचला. विषय होता, ग्रंथपाल आणि वाचक यांचे परस्परांशी संबंध. त्या काळी ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा पहारेकरी. ग्रीन म्हणाले, पहारा पुरे. ग्रंथपालाने वाचकांत मिसळावे. शाळकरी पोर येईल, कारागीर येईल, त्याला आपल्याला काय हवे ते धड सांगताही येणार नाही. त्याच्याशी आपुलकीने बोलावे, त्याचा संकोच घालवावा आणि त्याच्या उपयोगाचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे. यापुढची गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. ग्रीन यांनी पथ्यही सांगून ठेवले: हे करताना ग्रंथपालाने स्वतःच्या राजकीय वा धार्मिक मतांचा प्रचार करू नये. आमच्यासारख्या चळवळ्या माणसाला हे पथ्य कडू लागते. पण औषध म्हणून ते घेतलेच पाहिजे. ते का, हे पुढे सांगू.

पुढे पन्नासएक वर्षांनी, १९२० नंतरच्या दशकात, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतील ग्रंथालयांनी वाचकांना सल्ला देण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमली. शाळा सुटलेली, कामाधंद्याला लागलेली माणसे संध्याकाळी येत. सल्लागार त्यांच्याशी बसून बोलत आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे वाचनाची यादी करून देत. ज्याला शाळेने अर्ध्यावर सोडले त्याला ग्रंथालयाने पुढे न्यावे, असा त्यामागचा हेतू होता.

आपल्या देशात हा विचार उशिरा आला असे समजण्याचे कारण नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. तिथून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी जात. हे झाले संस्थानिकाचे. मद्रासला रंगनाथन नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे जगापुढे मांडली. त्यांतली दोन आजच्या विषयाला लागू आहेत. एक सूत्र वाचकाच्या बाजूने आहे: प्रत्येक माणसाचे म्हणून एक पुस्तक असते, ते त्याला मिळाले पाहिजे. दुसरे पुस्तकाच्या बाजूने आहे: कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचा कुणीतरी वाचक या जगात आहे, तो शोधून काढला पाहिजे. श्रोतेहो, ही दोन सूत्रे नीट पाहिली तर ती सोयरीक जुळवण्याची सूत्रे आहेत. आणि सोयरीक म्हटली की मध्यस्थ आला. दोन्ही घरे ज्याला ठाऊक असतात आणि ज्याच्या शब्दावर दोन्ही घरे विश्वास ठेवतात, तोच मध्यस्थ होऊ शकतो. ग्रंथालयात हा मध्यस्थ म्हणजे टेबलामागचा कर्मचारी.

आता आपल्या गावच्या वाचनालयाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी अजून असे चित्र आहे. दारातून आत शिरले की समोर टेबल, टेबलामागे कठडा, कठड्यामागे कुलूपबंद कपाटे. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक चाळावे ही पद्धत, कित्येक गावांत अजून पोचलेली नाही. वाचकाने यादी पाहायची, दाखलअंक चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी द्यायची आणि वाट पाहायची. ज्याला पुस्तकाचे नावच ठाऊक नाही त्याने काय लिहायचे? तो वर्तमानपत्र चाळतो आणि घरी जातो. पुन्हा येत नाही. आणि आपण सभांमधून म्हणतो, हल्ली वाचन कमी झाले.

त्या टेबलामागच्या माणसाला काय काय ठाऊक असते, याचा आपण कधी विचार केला आहे का? कोणते पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आले हे त्याला ठाऊक असते, आणि कोणत्या पुस्तकाची मुदत तीनदा वाढवून घेतली हेही. कोणत्या पुस्तकाची पहिली तीस पाने मळलेली आहेत आणि पुढची कोरी, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. निवृत्त मास्तर काय मागतात, दुपारी येणाऱ्या बाया काय मागतात, नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरे कोणत्या बाकावर बसतात आणि त्यांचे लक्ष कधी उडते, हे सारे तो रोज पाहतो. कारखान्यात जुना फिटर यंत्राला हात न लावता नुसत्या आवाजावरून सांगतो की बेअरिंग गेले आहे. त्याच्याकडे पदवी नसते, पण त्याचे ज्ञान खोटे नसते. तसेच हे ज्ञान आहे. समीक्षक पुस्तकाची परीक्षा करतो; हा माणूस पुस्तक आणि वाचक यांची गाठ पडते की नाही याची परीक्षा करतो. दोन्ही परीक्षा लागतात. पण पहिलीला मानपत्रे मिळतात आणि दुसरीला कुणी विचारत नाही.

आमचे शिक्षण शाळेत आठवीपर्यंत झाले. पुढचे सारे वाचनालयात. कारखान्यात लागल्यावर आम्ही औद्योगिक कलहाच्या कायद्याचे पुस्तक मागायला गेलो होतो. टेबलावरचे गृहस्थ निर्गम सहायक होते, वयाने वडिलांसारखे. त्यांनी कायद्याचे पुस्तक काढून दिले आणि त्यावर एक पातळसे पुस्तक ठेवले. म्हणाले, "कायदा तू वाचशीलच. पण ज्यांच्यासाठी वाचतोस ती माणसं या दुसऱ्यात आहेत." ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती. त्या कादंबरीत कायदा नाही, संप नाही, घोषणा नाही. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, त्यांच्यात राहतो आणि शेवटी दुष्काळ त्या वाडीला उठवून लावतो, एवढेच आहे. पण परक्या माणसांत गेल्यावर आधी बोलायचे नाही, आधी ऐकायचे, हे आम्ही त्या पुस्तकावरून शिकलो, आणि पुढे तीस वर्षे तेच आमच्या उपयोगी पडले. ते गृहस्थ "आवडलं का?" असे कधी विचारीत नसत. आवडले नाही म्हणायला माणूस संकोचतो. ते विचारीत, "कुठवर आलास?" त्या प्रश्नात धाक नव्हता आणि परीक्षाही नव्हती. पुस्तक अर्ध्यावर सोडले असेल तर ते निमूट परत घेत आणि दुसरे पुढे करीत.

हे उदाहरण एवढ्याचसाठी सांगितले की चांगल्या शिफारशीची लक्षणे त्यात दिसतात. आम्ही ती तीन मानतो.

पहिले लक्षण: शिफारस करणाऱ्याने पुस्तक स्वतः वाचलेले असले पाहिजे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? न वाचता केलेली शिफारस ही जाहिरात असते. जाहिरातवाल्याला माल खपवायचा असतो. ग्रंथालयाला काहीच खपवायचे नसते. म्हणून तर ग्रंथालयातल्या माणसाच्या शब्दाला किंमत. तुम्ही पुस्तक नेले काय आणि न नेले काय, त्याच्या खिशात एक पैसाही जास्त पडत नाही. आजच्या बाजारात असा निःस्वार्थ शब्द दुसऱ्या कोणत्या टेबलावर मिळतो, सांगा.

दुसरे लक्षण: त्याने आधी वाचकाचे ऐकले पाहिजे. आजकाल खिशातल्या मोबाईलमध्येही पुस्तके सुचवणारे यंत्र असते. तुम्ही काल काय घेतले ते पाहून ते यंत्र आज त्यासारखेच दुसरे सुचवते. ज्याने काल रहस्यकथा घेतली त्याला आणखी दहा रहस्यकथा. त्याचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. पण कायद्याचे पुस्तक मागायला आलेल्या कामगाराच्या हाती 'बनगरवाडी' ठेवावी, हे सुचायला समोरच्या माणसाचा चेहरा पाहावा लागतो. काल काय घेतले ते हिशेबात सापडते. उद्या काय लागणार ते चेहऱ्यावर असते.

तिसरे लक्षण: शिफारशीखाली नाव असावे आणि वाचकाला नाही म्हणण्याची मोकळीक असावी. नाव असले म्हणजे जबाबदारी आली. मोकळीक असली म्हणजे बरोबरी आली. वरून आलेल्या यादीला हुकूम म्हणतात, आणि हुकमाने वाचलेले पुस्तक हे जुलमाचे रामराम. ग्रीन यांचे ते कडू पथ्य इथे कामाला येते. आमच्या मताचा ग्रंथपाल असेल आणि तो प्रत्येकाला आमच्याच मताची पुस्तके देऊ लागला, तर आमचा पक्ष चार दिवस वाढेल, पण त्या टेबलावरचा विश्वास कायमचा जाईल. मग आमच्याच कामगाराचा पोरगा तिथे जायचा थांबेल. आम्हाला आमची मते मांडायला द्वारसभा आहे. वाचनालयाचे टेबल सर्वांचे राहू द्यावे.

आता आम्ही एका वादाच्या विषयाला हात घालतो. चित्रकादंबरी. इंग्रजीत ज्याला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती. चित्रांच्या चौकटी, त्यात पात्रांचे बोलणे, आणि त्यातून सबंध कादंबरीएवढी कथा. पुष्कळ देशांत आज ग्रंथालयाचे कर्मचारी आपल्या आवडत्या पुस्तकांच्या यादीत या चित्रकादंबऱ्या कथा-कवितेच्या बरोबरीने मांडतात. आपल्याकडे मात्र अजून नाक मुरडले जाते. चित्रे म्हणजे पोरांची, बालविभागात टाका. मोठ्या माणसाने अक्षरे वाचावीत! आम्हाला हा आक्षेप ऐकून नवल वाटते, कारण तो महाराष्ट्रात घेतला जातो. अहो, सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक पुढे करून रामायण-महाभारताची आख्याने सांगत आले. त्या चित्रांच्या गड्डीला ते पोथीच म्हणतात. ऐकायला सारा गाव बसे, थोर आणि पोर दोन्ही. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली सरकारने पद्मश्री दिली. आणि मुंबईहून अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेवर तर आज सभेला बसलेल्यांपैकी निम्मे लोक वाढले असतील. चित्रातून कथा वाचणे आपल्या रक्तात आहे. लाज कसली वाटते?

पण चित्रकादंबरी म्हणजे केवळ पुराणकथा आणि करमणूक नव्हे. ती कामगाराचीही आहे. बेल्जियमचे चित्रकार फ्रान्स मासरील यांनी १९१८ साली लाकडी ठशांची २५ चित्रे एकामागून एक मांडून एका कष्टकऱ्याची कहाणी प्रसिद्ध केली. तो गरिबीत जन्मतो, राबतो, अन्यायाविरुद्ध उठतो आणि शेवटी मृत्युदंडाला सामोरा जातो. संबंध पुस्तकात एक शब्द नाही. ज्याला कोणतीच भाषा वाचता येत नाही त्यालाही ते वाचता येते. ज्या युरोपात युद्धाने माणसांच्या भाषा एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या होत्या, तिथे एका माणसाने कोणत्याच भाषेत नसलेले पुस्तक काढले. याचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

आपल्या देशात ओरिजित सेन यांनी १९९४ साली नर्मदेच्या धरणावर चित्रकादंबरी काढली. नर्मदेच्या धरणात महाराष्ट्राचीही गावे बुडाली, त्यामुळे ती कहाणी आपल्या घरची आहे. जोतिबा फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ सालचे. त्यावर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी २०११ साली इंग्रजीत चित्रपुस्तक केले. आणि त्याच वर्षी 'भीमायन' निघाले. त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

'भीमायन' मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी सोसलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग आहेत. चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची. १९०१ साली लहानगा भीम घरच्या इतर मुलांसह वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. शेवटी तोड निघते ती अशी: दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. रात्र पडते, शिदोरी जवळ आहे, पण प्यायला पाणी कुणी देत नाही. मसूर आपल्या सातारा जिल्ह्यातले. हा प्रसंग आपल्याला ऐकून ठाऊक आहे. पण 'भीमायन' मध्ये तो डोळ्यांनी पाहावा लागतो.

या चित्रकारांनी आपली पात्रे चौकटीत कोंडायला नकार दिला. त्यांच्या पानांवर चौकटी नाहीत. घरांच्या भिंती-अंगणांवर काढतात तशा नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. आणि बोलण्याचे फुगे पाहा. सज्जन माणसाचे किंवा सोसणाऱ्याचे बोलणे पक्ष्याच्या आकारात. जातीच्या विषाने बोलणाऱ्याचे बोलणे विंचवाच्या नांगीत. आमची प्रत इंग्रजी आहे. ती आम्ही संघटनेच्या कचेरीत टेबलावर ठेवली होती. एक कंत्राटी कामगार, वीस-बावीस वर्षांचा, पगाराची तक्रार घेऊन आला होता. वाट पाहता पाहता त्याने ते उचलले. इंग्रजी त्याला बेताचेच. थोड्या वेळाने तो म्हणाला, "साहेब, हा माणूस विंचू बोलतोय." आम्ही म्हटले, "तुला वाचता येतंय की!" दोन तास तो तिथेच बसला होता. शाळा सुटल्यापासून त्याने पुस्तक हाती धरले नव्हते. पुढे त्याने विचारले, बाबासाहेबांनी हे स्वतः कुठे लिहिले आहे का? तेव्हा आम्ही त्याला वाचनालयाची वाट दाखवली. चित्रकादंबरी वाचनाची सवय मोडते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

चित्रे म्हणजे पोरखेळ असता तर त्यांना कुणी भ्याले नसते. आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराने आपल्या वडिलांकडून ऐकलेली ऑश्वित्झच्या छळछावणीची हकीकत 'माउस' या चित्रकादंबरीत सांगितली. ज्यू लोक उंदरांच्या रूपात, नाझी मांजरांच्या. पहिला भाग १९८६ साली आला, दुसरा १९९१ साली, आणि १९९२ साली तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. त्याच पुस्तकाला जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या एका परगण्याच्या शिक्षण मंडळाने एकमताने आपल्या शाळांच्या अभ्यासातून काढून टाकले. काही शिव्या आणि एक नग्न चित्र, एवढी सबब. परिणाम उलटा झाला. देशभर त्या पुस्तकाची मागणी एकदम वाढली. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तक सुचवणे हे काम वाटते तितके सुखाचे नाही. आज आवडीचे पुस्तक पुढे करणाऱ्याला उद्या कुणीतरी जाब विचारायला येऊ शकतो. त्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार?

इथे आमचा मूळ धंदा आम्हाला सोडत नाही. शिफारस करणाऱ्याने वाचलेले असावे, वाचकाशी बोलावे, नावानिशी उभे राहावे, असे आपण म्हणतो. पण त्याच्या हातात काय ठेवतो? राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांवर आहेत. 'अ' वर्गापासून 'ड' वर्गापर्यंत त्यांची प्रतवारी आणि त्या त्या वर्गाप्रमाणे अनुदान. लहान वाचनालयात तर एकच माणूस. झाडलोट त्याचीच, वर्गणीच्या पावत्या त्याच्याच, दप्तर तपासणीला उत्तर त्यानेच द्यायचे. त्याचे वेतन अनुदानाच्या तुकड्यातून निघणार, आणि अनुदान वेळेवर आले नाही तर तेही नाही. वेतनश्रेणी मिळावी म्हणून या लोकांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, मोर्चे काढले. आपल्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, ग्रंथालयाचा कायदा केला होता. मद्रासने १९४८ साली केला, आणि त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर ठेवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यात तसा कर नाही. म्हणजे आपल्या वाचनालयाचे पोट सरकारच्या मर्जीवर. पोट ज्याचे दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याने ताठ मानेने "हे पुस्तक वाचा" असे कोणत्या बळावर म्हणावे?

कुणी म्हणेल, ग्रंथसेवा हे व्रत आहे, त्यात पैशाचे काय? श्रोतेहो, आमच्या आयुष्यात आम्ही पाहिले आहे, ज्याला मजुरी कमी द्यायची असते त्याच्या कामाला लोक व्रत म्हणतात. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडीच्या ताई, ग्रंथालयाचा सेवक: सगळी व्रते गरिबांच्याच वाट्याला. व्रत स्वखुशीचे असते. उपाशी राहायला लावले तर त्याला उपवास म्हणत नाहीत.

तेव्हा केवळ कौतुक करून आम्ही थांबणार नाही. करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. त्यांना सरकारची वाट पाहावी लागत नाही. गावाच्या कार्यकारी मंडळाने मनात आणले तर पुढच्या महिन्यात होतील.

पहिली, देवघेवीच्या टेबलाशेजारी एक फळी मोकळी ठेवावी. त्या फळीवर कर्मचाऱ्यांनी स्वतः वाचलेली आणि आवडलेली पुस्तके मांडावीत, आणि प्रत्येकात एक चिठ्ठी: हे पुस्तक मला का आवडले, कुणाला आवडेल, चार ओळींत, खाली नाव. शिपायाचीही चिठ्ठी असावी. शिपाई वाचत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी नारायण सुर्वे आठवावेत. गिरणीत आणि शाळेत शिपाईगिरीही केलेल्या त्या माणसाने १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' दिले.

दुसरी, कर्मचाऱ्याला आठवड्यातून दोन तास कामाच्या वेळेत वाचायला मिळावेत. सुताराने हत्यारांना धार लावलेला वेळ मालक कामातच धरतो.

तिसरी, ग्रंथखरेदी समितीत टेबलावरच्या माणसाला मत असावे. आज पुष्कळ ठिकाणी पुस्तके निवडतात ते लोक वाचनालयात वर्षातून दोनदा येतात, आणि वाचक रोज काय मागतात हे ज्याला ठाऊक तो बाहेर चहा सांगायला उभा.

चौथी, चित्रकादंबऱ्यांसाठी मोठ्यांच्या विभागात एक कप्पा असावा. मराठीतून असे पुस्तक निघाले तर वाचनालयांनी ते आवर्जून घ्यावे. मागणी दिसली तरच प्रकाशक हात घालतो.

आणि पाचवी गोष्ट तुम्हा वाचकांसाठी. पुस्तक परत करताना ते टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. वाचले का, कुठवर आलो, का सोडले, हे त्या माणसाला सांगा. त्याचे ज्ञान तुमच्या या दोन वाक्यांवर वाढते. तुम्ही दिलेल्या त्या दोन वाक्यांतून तो तुमच्यामागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी पुस्तक निवडत असतो.

आम्ही संघटनेत तीस वर्षे घालवली. मालकाशी भांडून पगार वाढवता येतो, हे आम्ही पाहिले. पण वाढलेल्या पगाराने माणूस आपोआप मोठा होत नाही, हेही पाहिले. त्याला कुणीतरी त्याचे पुस्तक द्यावे लागते. ते देणारा माणूस तुमच्या गावात आहे, तुमच्या ओळखीचा आहे, आणि बहुधा या क्षणी सभागृहाच्या मागच्या रांगेत खुर्च्या मोजत उभा आहे. त्याच्या वेतनाचा ठराव वाचनालयाच्या वार्षिक सभेत येईल, त्या दिवशी सभेला हजर राहा, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.